बर्फाची नोंद

काल रात्री लाईट गेली ९.३५ ला, आली पहाटे ४.१० ला.
नोंद माझ्याच अक्षरात आहे.
देवगडच्या बर्फ कारखान्यात मी हिशेब लिहिते,
किती लाद्या निघाल्या, कुठल्या बोटीवर किती चढल्या,
किती नुसत्याच पाणी होऊन खाडीला मिळाल्या.
सहावा महिना. टेबल आणि पोट यांच्यात
आता वही आडवी मावत नाही.

वैजयंती आशाताई तिसऱ्यांदा येऊन गेली.
"जबरदस्ती नाय गो. तुझ्या मनार आसा."
माझ्या मनावर!
माझ्या लग्नाची तारीखसुद्धा
मासेमारीची बंदी बघून ठरली होती.

सासू म्हणते, सात बाळंतपणां झाली माझी, एक सुई नाय.
सातांतली चार जगली,
हे ती वेगळ्या दिवशी सांगते, वेगळ्या आवाजात,
बहुतेक बांगडे खारवताना.

नवऱ्याचा फोन खोल पाण्यात लागत नाही.
लागला तेव्हा मध्येच इंजिन बोलत होतं.
"तुका काय वाटता तां कर," असं काहीसं ऐकलं,
किंवा "काय करू नको" असंही असेल.
मी परत लावला नाही.

खालच्या वाडीतली गौतमी गेली मे महिन्यात,
आठवा लागलेला, ओरोसच्या इस्पितळात.
तिचे दोन गाऊन चार दिवस दोरीवर होते,
कुणी हात लावेना.
आणि मिठबावच्या अंकिताचं पोट पडलं
लस घेतल्यानंतर तेराव्या दिवशी.
लस घेतल्यामुळे, असं बाजारात म्हणतात.
मी कारकून आहे. 'नंतर' आणि 'मुळे'
हे दोन वेगळे रकाने, इतकं मला कळतं.
पण अंकिताला कोण सांगणार
की तुझं दुःख चुकीच्या रकान्यात लिहिलं गेलंय?
मी नाही.
मला तिच्या अंगणातून जायचंसुद्धा धाडस होत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर मधोमध रेघ मारली.
डावीकडे गौतमी. उजवीकडे अंकिता.
मग डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, जसंच्या तसं.
मग "भीती" लिहिलं, दोन्हीकडे.
खाली बेरजेची जागा सोडली
आणि एका बोटीची लाद्यांची पावती फाडायला उठले.
पोटात कोणीतरी कूस बदलली.
त्याची सही कुठे घेऊ?

सकाळी उपकेंद्रात माझ्या पुढे तिघी.
माझी पाळी आली तेव्हा मी लसीबद्दल काहीच विचारलं नाही.
म्हटलं, "सिस्टर, काल साडेसहा तास लाईट नव्हती."
साडेसहा तासांत लादीचं काय होतं, मला पाठ आहे,
आधी कडा गोल होतात, मग भुशाखालून
ती हळूच आपलं वजन सोडून देते.
फर्नांडिस सिस्टरने चष्म्यावरून बघितलं.
निळी पेटी माझ्यासमोर उघडली.
आतल्या काट्यावर चार अंश.
बर्फाच्या पिशवीवर मी बोट ठेवलं,
दाबलं. टणक.
"हे कुणी विचारत नाही," ती म्हणाली,
"रात्री सगळं तालुक्याच्या जनरेटरवर होतं. मी स्वतः गेले होते, भिजत."

तेवढंच.
कुणी मला समजावलं असं नाही.
एक बाई रात्री भिजत गेली होती बर्फासाठी,
आणि मला बर्फातलं कळतं.
डावा हात पुढे केला, उजव्याने लिहिते म्हणून.

रात्री अंग तापलं.
सासू काही न बोलता कपाळावर ओलं फडकं ठेवून गेली,
परत आली. दारातच उभी.
"खंयच्या हातात घेतलंस?"
"डाव्या."
"मगे उजव्या कुशीर नीज."
"डाक्टर डाव्या कुशीर नीज म्हणतत."
"डाक्टराचो हात दुखता काय?"

मी उताणीच पडून राहिले.
कारखान्याचा भोंगा झाला, पहाटेच्या लाद्या निघाल्या असतील.
बेरजेची जागा अजून कोरीच आहे.
नोंद कोण करत असेल आज, त्याचं अक्षर कसं असेल,
आणि लाईट होती ना रात्रभर,
एवढंच मनात येत राहिलं.